हजार नवे हात, एक सत्र: पुण्यातल्या विकिपीडिया प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

२०११ च्या पावसाळी सत्रात पुण्यातल्या काही महाविद्यालयांच्या सबमिशनच्या यादीत एक नवे काम आले. आपल्या विषयावरचा इंग्रजी विकिपीडियातला लेख निवडायचा, त्यात भर घालायची किंवा नवा लेख लिहायचा आणि त्याचे गुण घ्यायचे. विद्यार्थी मुख्यतः अभियांत्रिकीचे आणि अर्थशास्त्राचे, संख्या १००० च्या आसपास. योजना विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेची. २०१०-११ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांत सार्वजनिक धोरण या विषयावर असाच उपक्रम झाला होता आणि तो बरा चालला होता. अमेरिकेबाहेर पाऊल टाकताना सुरुवातीलाच पुणे निवडले गेले. हेतू स्वच्छ होता: भारतातून विकिपीडिया वाचणारे अगणित, लिहिणारे थोडे, ते वाढवायचे.

नोव्हेंबर उजाडला तेव्हा प्रयोग गुंडाळावा लागला. पाठ्यपुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला मजकूर एवढ्या मोठ्या प्रमाणावर लेखांत आला, की जगभरातले स्वयंसेवक तो शोधून काढण्यातच गुंतून पडले. अनेक विद्यार्थ्यांची खाती गोठवली गेली. काहींना तर आपले नेमके काय चुकले हे कळण्याआधीच दार बंद झाले.

‘पोरांनी कॉपी केली’ एवढ्यावर या प्रकरणाची बोळवण होते, ती आम्हाला अपुरी वाटते आणि विद्यार्थ्यांवर अन्यायाचीही. कॉपी झाली हे खरेच. पण नव्या लेखकांसाठी दार उघडे ठेवू पाहणाऱ्या कुठल्याही ज्ञानसमूहाने पाहावे असे काही दुसरेच या सत्रात घडले. दार उघडण्याच्या वेगाशी आत बसलेल्यांचे हात जुळले नाहीत.

आकड्यांचे गणित

२०११ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला १०० हून अधिक संपादने करणारे लोक जगभरात मिळून साडेतीन हजारांच्या आसपास होते. प्रत्यक्ष गाडा ओढणारे हेच. त्यांतले बहुतेक आपापल्या विषयांत रमलेले. कॉपीराइटची तपासणी नियमित करणारे फारच थोडे, कारण ते काम किचकट आहे आणि त्याला कुणी शाबासकी देत नाही. या मूठभरांपुढे एकाच शहरातून, एकाच सत्रात, जवळजवळ एकाच तारखेला हजार नवशिके आले.

उचललेला मजकूर चिकटवायला दोन मिनिटे लागतात. तो पकडायला किती लागतात ते पाहू. आधी संशय यावा लागतो. खुणा ठरलेल्या आहेत: नवशिक्याच्या अडखळत्या इंग्रजीत अचानक आलेला सफाईदार परिच्छेद, ‘आकृती ४.२ मध्ये दाखवल्याप्रमाणे’ असा उल्लेख आणि आकृती मात्र कुठेच नाही, चौकटी कंसातले संदर्भक्रमांक पण खाली संदर्भ नाहीत, पीडीएफमधून आल्यामुळे मध्येच तुटलेल्या ओळी. मग दोन-तीन वैशिष्ट्यपूर्ण वाक्ये अवतरणचिन्हांत घालून शोधायची. सापडले नाही म्हणजे मूळ असेलच असे नाही, कारण पाठ्यपुस्तकाची पाने बहुधा आंतरजालावर नसतात. सापडले तरी काम संपत नाही, कारण कित्येक संकेतस्थळे विकिपीडियाचाच मजकूर उचलतात. कुणी कुणाचे घेतले हे ठरवायला जुन्या पानांच्या साठ्यात जाऊन तारखा ताडून पाहाव्या लागतात. चोरी पक्की झाली की मजकूर काढायचा, लेखाच्या इतिहासातली ती आवृत्ती प्रचालकाकडून (विशेष अधिकार असलेल्या संपादकाकडून) झाकून घ्यायची, मधल्या काळात इतरांनी केलेल्या चांगल्या दुरुस्त्या वाचवायच्या, विद्यार्थ्याला कळवायचे आणि शेवटी त्याच खात्याची बाकीची संपादने तपासायची.

एका भरीमागे सहज अर्धा तास जातो. हजार जणांच्या प्रत्येकी तीन भरी धरल्या, तर १५०० तास होतात. हे तास कुणी देऊ केलेले नव्हते, कुणाला मागितलेलेही नव्हते. जुन्या संपादकांचा संताप उफाळला तो इथे. तो वंशद्वेषातून किंवा अहंकारातून आला असे म्हणणे सोपे आहे. मुख्यतः तो रात्रीची झोप मोडून दुसऱ्याचा पसारा आवरणाऱ्याचा संताप होता.

वर्गात काय झाले

आता दुसऱ्या बाजूने पाहू. आपल्या परीक्षापद्धतीत व्याख्या पुस्तकात आहे तशी लिहिली तर पूर्ण गुण मिळतात, स्वतःच्या शब्दांत लिहिली तर अर्धा गुण जाण्याची भीती असते. जर्नल वरच्या वर्गातल्या मुलाच्या जर्नलवरून उतरवायचे, गाईडमधले उत्तर पाठ करायचे आणि टर्मवर्कवर सही घ्यायची, हीच वर्षानुवर्षांची शिस्त. अशा विद्यार्थ्याला ‘कॉपीराइटचा भंग करू नका’ असे सांगून भागत नाही. त्याच्या लेखी तो भंग करतच नसतो, प्रमाण पुस्तकातले अचूक उत्तर देत असतो. ‘शब्द बदला’ असे सांगितले की तो प्रत्येक वाक्यातले दोन शब्द बदलतो. तेही चालत नाही, कारण वाक्याचा सांगाडा आणि मुद्द्यांचा क्रम मूळ लेखकाचाच राहतो. त्यात भर म्हणजे लेखन इंग्रजीत. ज्या भाषेत स्वतःचे वाक्य रचण्याची सवय नाही, त्या भाषेत उचलेगिरी हा नाइलाजही असतो.

या विद्यार्थ्यांना आधार म्हणून ‘कॅम्पस ॲम्बेसेडर’ नेमले होते. उत्साही तरुण मंडळी, पण त्यांतल्या अनेकांची स्वतःची विकिपीडियाची ओळख प्रशिक्षणाच्या दोन-चार दिवसांपुरतीच होती. ज्याचे स्वतःचे संपादन कधी कुणी उलटवलेले, म्हणजे रद्द केलेले नाही, चर्चापानावर (लेखाला किंवा सदस्याला जोडलेल्या संवादाच्या पानावर) ज्याने कधी वाद घालून माघार घेतलेली नाही, त्याला नवशिक्याची भीती आणि जुन्याचा वैताग दोन्ही कळत नाहीत. प्राध्यापकांपैकी बहुतेकांनी स्वतः कधी लेख लिहिलेला नव्हता. त्यामुळे प्रश्न आला की तो वर्गातच फिरत राहायचा, विकिपीडियावर ज्यांना उत्तर ठाऊक होते त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही.

उलट दिशेचा रस्ताही बंद होता. कोणते खाते कोणत्या वर्गाचे, त्याचे शिक्षक कोण, तक्रार कुणाकडे करायची, हे स्वयंसेवकांना नीट कळत नव्हते. काही विद्यार्थ्यांची नावे यादीत नव्हती. मजकूर काढला की काही जण तो पुन्हा चिकटवायचे. बाहेरून हा आडमुठेपणा दिसतो. पण तपासणीच्या दिवशी आपला मजकूर पानावर दिसला नाही तर गुण जातील, ही धास्ती ज्याच्या मानेवर आहे तो दुसरे काय करणार? विद्यार्थ्यांना थेट लेखात न लिहिता धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहायला सांगण्यात आले, तोवर सत्र बरेच पुढे सरकले होते.

इशाऱ्यांची भाषा

नवशिक्याच्या चर्चापानावर पहिला निरोप आला तो बहुधा तयार साच्याचा. इंग्रजी विकिपीडियावर असे साचे चार पायऱ्यांचे आहेत: पहिली पायरी सौम्य, चौथीवर ‘यापुढे खाते गोठवले जाईल’. साचे वाईट नाहीत. दिवसाला हजारो उत्पात, म्हणजे लेखांची मुद्दाम केलेली नासधूस, परतवायचे तर प्रत्येकाला पत्र लिहिता येत नाही. पण या यंत्रणेची किंमत पुण्याच्या आधीच दिसू लागली होती. महिन्याला किमान ५ संपादने करणाऱ्यांची संख्या मार्च २००७ मध्ये ५१,००० च्या वर पोचली होती, २०१३ च्या उन्हाळ्यात ती ३१,००० पर्यंत घसरली. संशोधक ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या अभ्यासातला निष्कर्ष आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो: सद्भावनेने येणाऱ्या नवशिक्यांचे प्रमाण फारसे घटले नव्हते, त्यांचे काम उलटवले जाण्याचे प्रमाण मात्र वाढत गेले होते. हगल, ट्विंकल यांसारख्या अवजारांनी एका कळीवर उलटवणे शक्य केले आणि उलटवण्यासोबत होणारा संवाद आटला.

म्हणून अवजारे फेकून द्या असा अर्थ कुणी काढू नये. क्लूबॉट एनजी हा उत्पात परतवणारा सांगकाम्या (आपोआप संपादने करणारा प्रोग्राम) काही काळ बंद पडला होता, तेव्हाचा अभ्यासही झालेला आहे. उत्पात शेवटी काढला गेलाच, पण त्याला जवळपास दुप्पट वेळ लागला. पहारा लागतोच. प्रश्न एवढाच की पहारेकरी आणि यजमान एकच असावेत का? २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘टीहाउस’ या नवशिक्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पानाने या दोन भूमिका वेगळ्या केल्या. नवशिक्याला आपोआप निमंत्रण जाते, तिथे प्रश्न विचारायला नियम माहीत असावे लागत नाहीत, आणि उत्तर देणारा नुसता नियमपानाचा दुवा न फेकता साध्या वाक्यांत सांगतो. निमंत्रण मिळालेले नवशिके न मिळालेल्यांपेक्षा अधिक टिकले, हे नंतरच्या मोजणीतून दिसले.

कैरो, आणि थोडे बंद दार

पुण्यानंतर पुढचा प्रयोग २०१२ च्या सुरुवातीला कैरोत झाला. तिथे मोजकेच वर्ग घेतले, लेखन इंग्रजीऐवजी अरबीत ठेवले आणि अरबी विकिपीडियावरच्या जाणत्यांना सुरुवातीपासून सोबत घेतले. तो प्रयोग तरला आणि पुढेही चालू राहिला. इजिप्तमधली परीक्षापद्धतीही पाठांतराचीच आहे, विद्यार्थी काही वेगळ्या मातीचे नव्हते. बदलली होती ती मांडणी.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. स्वतःच्या भाषेत लिहिणाऱ्याला वाचलेले समजून घेऊन पुन्हा सांगता येते. शिवाय इंग्रजी पुस्तक वाचून मराठीत लिहायचे म्हटले की आयता मजकूर चिकटवण्याची वाटच अरुंद होते. भाषांतराचे प्रश्न वेगळे उभे राहतात, पण ते आवरता येतात.

दुसरा प्रयोग नवशिक्यांच्या अधिकारांबद्दलचा. नव्या खात्याला लगेच नवा लेख सुरू करू द्यावा का, यावर इंग्रजी विकिपीडियावर २०११ पासून वाद होता. ‘सर्वांना खुला’ या तत्त्वाला धक्का लागेल म्हणून फाउंडेशनने तेव्हा नकार दिला. अखेर १४ सप्टेंबर २०१७ पासून सहा महिने चाचणी झाली: किमान ४ दिवस जुने आणि किमान १० संपादने असलेले खातेच थेट लेख निर्माण करू शकेल, बाकीच्यांनी मसुदा द्यावा. भीती होती की नवे लोक पाठ फिरवतील. तसे झाले नाही. नव्या खात्यांच्या नोंदणीवर आणि नवशिके टिकण्यावर लक्षणीय परिणाम दिसला नाही, हटवाव्या लागणाऱ्या लेखांचा ढीग मात्र कमी झाला. एप्रिल २०१८ मध्ये नियम कायम झाला. बोजा नाहीसा झाला असेही नाही, त्यातला बराच मसुदे तपासणाऱ्यांकडे सरकला आणि तिथल्या रांगा लांबल्या. तरी एक गोष्ट पक्की झाली. पहिल्याच दिवशी सगळे अधिकार हाती देणे म्हणजे मोकळेपणा, हे समीकरण बरोबर नव्हते. ज्याचा पहिला लेख दोन तासांत उडवला जातो, त्याच्यासाठी तो अधिकार सापळाच ठरतो.

मराठी कार्यशाळेची मांडणी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. मराठी भाषा पंधरवडा किंवा २७ फेब्रुवारीच्या निमित्ताने महाविद्यालयांत विकी-कार्यशाळा होतात. इथे जाणते संपादक इंग्रजीच्या तुलनेत फारच कमी. त्यामुळे ६० जणांची एक कार्यशाळाही ‘अलीकडील बदल’ ही ताज्या संपादनांची यादी भरून टाकते आणि पुण्याच्या सत्राची छोटी आवृत्ती उभी राहते. ती टाळायची तर काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात.

गट २० चा ठेवावा, आणि पहिल्या दिवशी ५-६ जणांमागे एक जाणता. जाणता म्हणजे ज्याची किमान ५०० संपादने झाली आहेत आणि ज्याच्याशी कुणीतरी कधीतरी असहमत झालेले आहे. असे चार जण मिळत नसतील तर गट १० चा करावा. कार्यक्रमाच्या फोटोत गर्दी कमी दिसेल, दिसू द्यावी.

खाती आदल्या दिवशी घरून, आपापल्या मोबाइल डेटावर उघडायला सांगावीत. एका आयपी पत्त्यावरून २४ तासांत सहाच खाती उघडता येतात. महाविद्यालयाच्या वायफायवर सातव्या मुलाला त्रुटी दिसते आणि पहिला तास त्यातच जातो. संगणककक्षातूनच खाती उघडायची असतील, तर ही मर्यादा तात्पुरती उठवण्याची विनंती आयपी पत्ता आणि तारखेसह किमान आठवडाभर आधी फॅब्रिकेटर या विकिमीडियाच्या तांत्रिक विनंत्यांच्या संकेतस्थळावर करावी लागते. त्याच वेळी तो पत्ता पूर्वीच्या उत्पातामुळे गोठवलेला तर नाही ना, हेही पाहून घ्यावे. महाविद्यालयाच्या नावाचे सामाईक खाते उघडू नये. खात्याला ईमेल जोडलेच पाहिजे, नाहीतर परवलीचा शब्द विसरला की खाते गेले. नव्या खात्याने बाहेरचा दुवा दिला की चित्रातली अक्षरे ओळखायला सांगितले जाते, हे आधी सांगितले नाही तर मुले त्याला बिघाड समजतात.

टंकलेखनाचा अडसर मोठा आहे. फोनवर बोटे सरसर चालणारी मुले संगणकावर देवनागरी म्हटले की थबकतात. विकिपीडियावरच अक्षरांतरण (रोमन अक्षरांतून देवनागरी) आणि इनस्क्रिप्ट (देवनागरी कळफलक) असे दोन्ही पर्याय आहेत, कंट्रोल आणि एम दाबून ते चालू-बंद होतात. याचा सराव संपादनाच्या आधी २० मिनिटे वेगळा घ्यावा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर चिकटवू देऊ नये. त्यातून निघणारी अक्षरे कुणालाच वाचता येत नाहीत.

पहिले काम पाच मिनिटांत पुरे होईल असे हवे: शुद्धलेखनाची एक चूक, एक वर्ग (लेखाच्या तळाशी दिलेली विषयाची वर्गवारी), एक तारीख. नव्या सदस्यांना अशी छोटी कामे सुचवणारे मुखपृष्ठ विकिमीडियाने २०१८ नंतर चेक आणि कोरियन, मग व्हिएतनामी आणि अरबी विकिपीडियांपासून सुरू केले, ते याच विचाराने. त्यानंतर एक संदर्भ. त्यानंतर धूळपाटीवर १०० ते १५० शब्दांचा परिच्छेद. नवा लेख पहिल्या दिवशी नाहीच.

उचलेगिरीवर नियम वाचून दाखवण्यापेक्षा एक सराव जास्त कामी येतो. त्याच विषयावरचे दोन वेगवेगळे स्रोत वाचायला द्यावेत, १५ मिनिटांनी दोन्ही मिटायला लावून आठवेल ते पाच ओळींत लिहायला सांगावे, आणि मगच ते उघडून नावे, आकडे, तारखा ताडून घ्याव्यात. स्रोत एकच असला की त्याची सावली वाक्यांवर पडतेच, दोन असले की मुद्दे आपोआप आपल्या क्रमाने लागतात. मराठी विश्वकोशातला किंवा सरकारी संकेतस्थळावरचा मजकूर सार्वजनिक आहे म्हणून उतरवता येतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे, तो त्याच वेळी दूर करावा. भारतीय कायद्याप्रमाणे साहित्यकृतीचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात. ते संपलेले जुने पुस्तक मिळाले तर त्याची जागा विकिस्रोत या विकिमीडियाच्या मुक्त ग्रंथालयात. इंग्रजी लेखाचे भाषांतर चालते, पण मूळ लेखाचे श्रेय संपादनाच्या सारांशात (जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत) द्यावे लागते आणि यंत्राने केलेले वाक्य तसेच ठेवता येत नाही.

गुण द्यायचेच असतील तर धूळपाटीवरच्या मसुद्याला, स्रोतांच्या निवडीला आणि चर्चापानावर दिलेल्या उत्तरांना द्यावेत. लेखात मजकूर टिकला की नाही, किती बाइट भरले, यावर गुण ठेवले की पुन्हा चिकटवण्याची शर्यत सुरू होते. सगळ्यांना एकच अंतिम तारीख देऊ नये. आठवड्याला पाच-सहा मसुदे मुख्य लेखांत जावेत, म्हणजे तपासणाऱ्याला ते वाचून होतात. सहभागींची यादी डॅशबोर्डवर (गटाची संपादने एकत्र दाखवणाऱ्या पानावर) टाकावी आणि चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, आठवडाभर आधी चार ओळी लिहाव्यात: कुठे, किती जण, कोणत्या विषयांवर, कुणाशी बोलायचे.

आणि काही काढावे लागले तर निरोप माणसाने लिहिलेला असावा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. जायकवाडी धरणाच्या लेखात तुम्ही घातलेला दुसरा परिच्छेद तूर्त काढला आहे, कारण त्यातली वाक्ये एका संकेतस्थळाशी शब्दशः जुळतात. पक्ष्यांविषयीची माहिती लेखात नव्हती, ती हवीच आहे. तुमच्या शब्दांत, संदर्भासह पुन्हा घालाल का? अडलात तर माझ्या चर्चापानावर विचारा.’ यात काय काढले, का काढले, काय चांगले होते, पुढे काय करायचे आणि कुणाला विचारायचे, हे सगळे आले. लिहायला तीन मिनिटे लागतात.

हिशेब कार्यशाळेच्या संध्याकाळी मांडू नये. त्या दिवशी संपादनांचा आकडा फुगलेलाच असतो. साठ दिवसांनी डॅशबोर्डवरची यादी पुन्हा उघडावी आणि शेवटच्या तीस दिवसांत कुणी एकतरी संपादन केले आहे का ते पाहावे. वीसांपैकी दोघे सापडले तर त्यांच्या चर्चापानांवर जावे. तिथे त्यांचा एखादा प्रश्न उत्तराविना पडलेला असेल, तर पुढची कार्यशाळा जाहीर करण्याआधी तो सोडवावा.